खिडकीकडची जागा

१

डावखुऱ्या माणसाला कुठेही बसायचं झालं की आधी टोक शोधावं लागतं. निकिता पहिलीपासून बाकाच्या डाव्या टोकाला बसत आली होती. मधे बसली की तिचं डावं कोपर शेजारणीच्या उजव्या कोपराला लागायचं, शेजारीण बाईंकडे बघायची आणि बाई निकिताला म्हणायच्या, तू जरा कडेला हो. शेजारणीचं कोपर तिलाही तेवढंच लागायचं, पण त्याची तक्रार कुणाकडे करणार? जेवण आईने दटावून दटावून उजव्या हातावर आणलं. लिहिणं मात्र डाव्याच हातात राहिलं. तिशी जवळ आली तरी कुणाच्या शेजारी बसताना ती अजून अंग चोरून बसायची.

गंगापूर रोडवर एका औषधांच्या दुकानाच्या माडीवर शेखर सरांचा सुलेखनाचा वर्ग भरायचा, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी. निकिता द्राक्षांच्या खोक्यांवरची लेबलं कॉम्प्युटरवर तयार करायची. तयार अक्षरं उचलून चिकटवण्याचा तिला कंटाळा आला होता, म्हणून दिवाळीनंतर तिने नाव घातलं. खाली सतरंजी, पुढे लांबलचक बुटकं टेबल, त्याच्या एका अंगाला मांडी घालून सगळे ओळीने बसलेले. सरांनी डावखुऱ्या हाताला कधी शिकवलं नव्हतं, पण माणूस भला. उजव्या हातासाठी बोरूचं टोक ते तिरकं कापायचे, तिच्यासाठी सरळ कापून बघितलं आणि ते बरोबर बसलं. डाव्या हाताने लिहिणाऱ्याचा तळवा आत्ताच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरून सरकत जातो आणि सगळं फासून टाकतो. त्यावर उपाय म्हणून कागद कलता ठेवायचा, हात ओळीच्या खालून चालवायचा, हे दोघांनी मिळून शोधलं. महिन्याभरात निकिताच्या तळव्याची कड स्वच्छ राहू लागली, याचा तिला केवढा तरी आनंद झाला.

त्रास एकच होता. तिच्या डाव्या हाताला, टोकाच्या खिडकीकडच्या जागेवर, साळूबाई बसायच्या.

साळूबाई मखमलाबादच्या. घरची शेवंती, गुलाब. सकाळी बाजारात फुलं घालून, घरी भाकर खाऊन त्या बसने वर्गाला यायच्या. साठीच्या पुढे गेलेल्या, अंगाने थोराड, हातभर हिरव्या बांगड्या. नातीचं, आरोहीचं, लग्न वैशाखात होतं. लग्नघराच्या भिंतीवर गणपती काढून नवरानवरीची नावं रंगवतात, ते काम पेंटर करतो. साळूबाईंचं म्हणणं, गणपती त्याने काढावा, पोरीचं नाव मी लिहिणार. घरचे हसले, तशी बाई हट्टाला पेटली आणि थेट क्लासला येऊन बसली. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून सरांनी त्यांना खिडकीकडचा उजेड दिला होता. त्या दोन तास एकच शब्द गिरवायच्या. आरोही, आरोही, आरोही. आणि प्रत्येक वेळी त्या लांब वेलांटीला त्यांचं उजवं कोपर बाहेर यायचं आणि निकिताला लागायचं.

२

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. गुढीपाडव्याच्या प्रदर्शनासाठी निकिता मोठ्या कागदावर सगळी वर्णमाला लिहीत होती. शेवटच्या ओळीत होती, श्वास रोखून. तेवढ्यात मांडीवरचा फोन थरथरला. ती दचकली आणि बोरू कागदावर आडवा घसरत गेला.

साळूबाईंनी हात झटकन मागे घेतला. बांगड्या वाजल्या.

"माझं लागलं का गं?"

लागलं नव्हतं. त्या वेळी साळूबाई बोरू शाईत बुडवत होत्या, त्यांचं कोपर अंगाशी होतं, हे निकिताने पाहिलं होतं. ती "हो" म्हणाली.

सर उठून आले. म्हणाले, त्यात काय, तुम्ही दोघी जागा बदला, तू टोकाला गेलीस की प्रश्नच मिटला. गोष्ट साधी होती. खिडकी अगदी डाव्या हाताशी आली की आपल्याच हाताची सावली अक्षरावर पडते, असं निकिता म्हणाली, आणि तेही खोटं नव्हतं. पण ते कारण नव्हतं. पहिलीपासूनचं सगळं तिच्या घशाशी आलं होतं. दर वेळी मीच का उठायचं, ती म्हणाली, शाळेत मी, कॉलेजात मी, इथे पैसे भरून आले तरी मीच कडेला व्हायचं का? आवाज जरा चढला. सगळा वर्ग बोरू थांबवून ऐकत होता. सर ओशाळले. डावखुऱ्या मुलीवर अन्याय नको असं त्यांना वाटलं असणार.

साळूबाईच उठल्या. दौत, कागद, बोरू पदरात घेतले. "बरोबर हाय पोरीचं," म्हणाल्या. "मला जागा लय लागती."

सरांनी त्यांना आतल्या बाजूला, बेसिनजवळच्या छोट्या टेबलावर बसवलं. तिथे ट्यूबलाइटचा उजेड होता. त्या दिवशी आणि पुढच्या खेपेला त्या नाक कागदाला लावून लिहीत बसल्या. मग यायच्या बंद झाल्या.

जन्मात पहिल्यांदा दुसरं कुणीतरी सरकलं होतं. निकिताला दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी दात घासताना "माझं लागलं का गं" हे तिच्या कानात आलं आणि तिला आपली लाज वाटली.

३

खिडकीकडची जागा सरांनी रिकामी ठेवली. निकिताच्या डाव्या हाताला आता टेबलाचा मोकळा तुकडा, सतरंजीची कड आणि खिडकी, एवढंच होतं.

एका शुक्रवारी ती "ह"चं पोट वळवत होती आणि तिच्या डाव्या कोपराला धक्का लागला.

जोराचा नाही, नेहमीचाच. त्याच उंचीवर, तसाच मऊ आणि जड. बोरू हलला. ती सवयीने अंग चोरून थोडी उजवीकडे सरकली, पुढचं अक्षर लिहिलं, आणि मग तिच्या लक्षात आलं. तिने डावीकडे बघितलं. कुणी नव्हतं. रस्त्यावरून रिक्षा गेली, खाली औषधांच्या दुकानात कुणीतरी सुट्टे मागत होतं. सगळं रोजच्यासारखं होतं.

दोन महिने ढोसण्या खाल्ल्या की हाताला सवय लागते, तिने मनाशी म्हटलं. चष्मा काढून ठेवला तरी आपण नाकावर सारखा करतोच की.

पुढच्या मंगळवारी दोनदा लागलं. दुसऱ्या खेपेला तिने मान वर केली नाही, नुसती थांबून राहिली. कागदावरचा उजेड कमी झाला होता. बाहेर ऊन लख्ख होतं, समोरच्या इमारतीच्या काचा चकाकत होत्या, पण तिच्या कागदाच्या डाव्या अर्ध्या भागावर सावली होती. खिडकीच्या बाजूला कुणी बसलं की पडते तेवढी. आणि बारीक करकर ऐकू येत होती, कोरड्या बोरूची. वर्गात दहा बोरू चालले होते, त्यातलाच एखादा असेल. बांगड्या मात्र वाजत नव्हत्या.

तिने आपली पर्स उचलून डावीकडच्या जागेवर ठेवली, बसमध्ये ठेवतात तशी. वर्ग सुटल्यावर पर्स टेबलाखाली मिळाली, तिच्या पायांशी. आपणच केव्हातरी ढकलली असेल, असं म्हणून ती खाली उतरली. 

४

तिने सरांकडे साळूबाईंचा नंबर मागितला. सर म्हणाले, तुला कळलं नाही का? संक्रांतीनंतर त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. सून सांगत होती, हात तर पार लाकूड झालाय.

निकिता त्याच दिवशी मखमलाबादला गेली. रस्त्यात मोसंबी घ्यावी की नको असं झालं, शेवटी घेतलीच. घर लग्नासाठी चुना मारून ठेवलेलं, पुढची भिंत पांढरीस्वच्छ. बाहेरच्या खोलीत पलंगावर साळूबाई होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात उशीवर ठेवलेला, बांगड्या काढून टाकलेल्या, मनगट उघडं.

सून साधना चहा घेऊन आली. बोलकी बाई. क्लासची मैत्रीण आलेली बघून तिला भरून आलं. आणि तिने जे सांगितलं ते ती आनंदाने सांगत होती. डॉक्टरांनी आशा सोडू नका म्हटलंय. दिवसभर हात पडून असतो, पण मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी हलतो.

"क्लासच्या टायमाला," साधना म्हणाली. "कोपर असं बाहेर येतं, चादरीवर घासतं. शेजारी कुणी बसलंय आन ह्या लिहितात, असं वाटतं बघा. डॉक्टर म्हणे, चांगलंय, हलू द्या."

निकिताने हातातला कप खाली ठेवला. 

ती पलंगाशी जाऊन बसली. सांगायचं ते तिने वाटेत दहादा घोकलं होतं. आजी, त्या दिवशी तुमचं कोपर लागलं नव्हतं. मी खोटं बोलले. एवढंच म्हणायचं होतं. साळूबाईंनी तिला ओळखलं, वाकड्या तोंडाने हसल्या आणि जड जिभेने एकेक शब्द लोटत विचारलं,

"माझी... जागा... ठिवली का?"

"हो," निकिता म्हणाली. "तुमचीच आहे. कुणी बसत नाही तिथे."

बाकीचं तिच्या तोंडून निघालं नाही. साधना मोसंबी सोलत होती, आजीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि अशा वेळी कसं बोलायचं, असं तिने स्वतःला सांगितलं.  परत येताना तिला स्वतःचा राग आला, एवढा कधी आला नव्हता.

५

वर्ग सोडावा असं तिला रोज वाटत होतं. पण सोडला आणि तिकडे हात हलायचा थांबला तर? हे असं कुणाला बोलून दाखवलं असतं तर लोक हसले असते. ती स्वतःही दिवसातून चारदा हसायचा प्रयत्न करायची. तरी मंगळवार आला की पायऱ्या चढायची.

बसल्यावर ती जरा उजवीकडे सरकायची. मोकळी जागा करून द्यायची. पुढे पुढे तर डावीकडे एक कोरा कागद मांडू लागली, शाईची दौत दोघींना पुरेल अशी मधे ठेवू लागली. सरांना वाटलं, पोरीला पश्चात्ताप झालाय. 

धक्के वाढले. आधी नुसतं कोपर होतं, मग कधी गुडघ्याला काही टेकायचं. सतरंजी डावीकडून ताणली जायची, जड माणूस टेकलं की जाते तशी. श्वास ऐकू यायचा. निकिता मान खाली घालून अक्षर संपवायची आणि सावली सरकायची वाट बघायची. भीती वाटायची, पण त्या भीतीतही तिला एक प्रकारे बरं वाटायचं, शिक्षा मिळाल्यावर वाटतं तसं. कारण संध्याकाळी साधनाचा फोन यायचा. आज बोटं मिटली. आज चमचा धरला. आज पदर सावरला. प्रत्येक फोनला निकिताच्या छातीवरचं ओझं थोडं उतरायचं. आपण सोसतोय आणि तिकडे हात जिवंत होतोय, असा हिशेब तिने मनात पक्का बसवला होता.

एका शुक्रवारी फार झालं. एक ओळ धड लिहू दिली नाही. अंगावर कलून कुणी कागदात डोकावावं तसं उजव्या गालापर्यंत गार वाटत राहिलं. वर्ग सुटला तेव्हा निकिता घामाने भिजली होती. आज तिकडे मोठी सुधारणा असणार, या आशेने तिनेच साधनाला फोन लावला.

साधना म्हणाली, आज काहीच नाही. आज आईंना तपासणीला नेलं होतं, सुई दिली, दुपारभर गाढ झोपल्या होत्या. मी हात धरूनच बसले होते. जरासुद्धा हलला नाही.

निकिताने फोन ठेवला. साधनाचं लक्ष नसेल, ती म्हणाली. माणूस किती वेळ एका हाताकडे बघणार? तिने तो विचार तिथेच मोडला. पण त्या रात्री, जेवताना, तिला एकदम आठवलं की साळूबाईंचा झटका संक्रांतीनंतरचा होता, आणि पहिला धक्का त्याच्या आधी लागला की नंतर हे तिला काही केल्या सांगता येईना.

६

चैत्र संपता संपता साळूबाई आल्या.

साधनाने आधी फोन केला होता. आई काठी घेऊन चालतात, हात बराच आलाय, भिंतीवर नाव लिहायचंच म्हणतात, आज तासभर बसवते. निकिता त्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. डावीकडे चांगला जाड कागद मांडला, नवा बोरू ठेवला. आज सांगायचं, सगळ्यांसमोर सांगायचं, हे तिने ठरवलं होतं. मी खोटं बोलले होते, ही जागा त्यांचीच होती. एकदा त्या इथे येऊन टेकल्या की बाकीचं सगळं आपोआप संपेल, अशी तिची खात्री होती. धक्काही आज लागला नव्हता. कागदावर मात्र सावली होती.

जिन्यावर काठी वाजली. सगळे उठून उभे राहिले. सर दारापर्यंत गेले, या म्हणाले, तुमची जागा आम्ही तशीच ठेवलीय. साळूबाई उंबऱ्यात थांबल्या. धाप लागली होती. वाळल्या होत्या, पण चेहरा खुललेला. त्यांनी डोळ्यांवर हात धरून खिडकीकडे बघितलं.

मग त्यांनी दोन्ही हात जुळवले. उजवा थरथरत होता, तरी जुळवले. नवख्या माणसाला करतात तसा त्यांनी त्या जागेला नमस्कार केला.

"असू द्या, असू द्या," त्या म्हणाल्या. "त्यांना नका उठवू. मी बसते आपली आत."

सर गोंधळून हसले. साधना हळूच म्हणाली, आईंना अजून नीट दिसत नाही. साळूबाईंनी ते ऐकलं नाही. त्या अजून तिकडेच बघत होत्या, कौतुकाने.

"पोरीला अगदी बिलगून बसल्यात," त्या म्हणाल्या. "घरच्याच असतील कुणी."

आणि काठी टेकत त्या बेसिनजवळच्या टेबलाकडे, ट्यूबलाइटखाली, निघाल्या. साधना मागून दौत घेऊन गेली. वर्ग पुन्हा खाली बसला.

निकिता उभीच होती. आता बोलायचं होतं. त्या परत त्याच कोपऱ्यात चालल्या होत्या, आणि पुन्हा तिच्यामुळे चालल्या होत्या, आणि हे थांबवायला एक वाक्य पुरलं असतं. तिने मान डावीकडे वळवली नाही. डोळे तेवढे वळले. टेबलाच्या कडेवर एक कोपर टेकलेलं होतं, शाईने फासलेलं, आणि ते तिची वाट बघत असल्यासारखं थोडं बाजूला झालं, तिला बसायला जागा व्हावी म्हणून.

ती बसली. "आजी," म्हणून हाक मारायला तिने तोंड उघडलं.

तिच्या बरगडीत हलकेच ढोसलं गेलं. वर्गात बाईंसमोर काही बोलून जाऊ नये म्हणून मैत्रीण मैत्रिणीला ढोसते, तेवढंच.

निकिताने तोंड मिटलं. आत साळूबाई नाक कागदाला लावून नातीचं नाव लिहू लागल्या होत्या. तिने मान खाली घातली आणि बोरू शाईत बुडवला.